काळ्या मेघांतील धूलिकण
(नभोवाणीवरील भाषण)

मुदखेड जंक्शनच्या बाहेर हिवाळ्याच्या सकाळीं कोणी विडी ओढीत बसला असेल, तर त्या धुराकडे नीट पाहावें. विडीच्या पेटत्या टोकापासून निघणारा धूर निळसर दिसतो. तोच तोंडांत जाऊन बाहेर आला कीं पांढरट होतो. ताज्या धुराचे कण फार बारीक असल्यामुळें निळा प्रकाश अधिक विखुरतात. ओलाव्यानें ते फुगले कीं सर्व रंग सारखेच विखुरूं लागतात. म्हणजे कण हातीं न घेतां, केवळ विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचें आकारमान ताडतां येतें.

आकाशांतील धुळीलाही हीच युक्ति लागू पडते. ताऱ्यांमधील पोकळींत वायु व धूळ यांचे थंडगार मेघ आहेत. त्यांतील हायड्रोजन रेणुरूप असल्यानें त्यांस रेण्वीय मेघ म्हणतात. त्यांच्या दाट गाभ्यांत तापमान शून्याखालीं सुमारें २६३ अंश असतें, आणि तेथेंच पुढें तारे जन्मतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें हैदराबादहून बलूनबरोबर १ मीटर व्यासाची दुर्बीण वर पाठवून, तारे जन्मणाऱ्या प्रदेशांतील तापलेल्या धुळीचे उष्ण किरण मोजले. त्यांवरून धुळीचें तापमान व वजन कळतें. कणांच्या आकारासाठीं मात्र विखुरलेला प्रकाश अधिक बोलका ठरतो.

ताऱ्यांमधील कणांची त्रिज्या साधारणतः पाव मायक्रॉनच्या आंतच असते, असें मानीत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतके बारीक कण ३.६ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश जवळजवळ विखुरतच नाहींत. परंतु त्रिज्या दुप्पट झाली, कीं तेवढ्याच वजनाची धूळ सुमारें ८ पट प्रकाश विखुरते.

२०१० सालीं पागानी, स्टाइनाकर प्रभृति संशोधकांनीं 'स्पिट्झर' या अवकाश-दुर्बिणीनें घेतलेलीं ११० गाभ्यांचीं चित्रें तपासलीं. जवळजवळ निम्मे गाभे ३.६ मायक्रॉनला मंद उजळलेले आढळले. ८ मायक्रॉनला मात्र ते काळेच होते. इतक्या थंड मेघाचा हा स्वतःचा प्रकाश नव्हे. भोंवतालच्या ताऱ्यांचाच प्रकाश विखुरून येत होता. गणितानें ताळा पाहतां त्यासाठीं सुमारें १ मायक्रॉनचे कण लागतात.

हा अंदाज आहे, नेमकें माप नव्हे. कणांवरील बर्फाचा थर, त्यांची सच्छिद्रता व भोंवतालचा प्रकाश यांप्रमाणें उत्तर बदलतें. तरी एक गोष्ट महत्त्वाची: तारा जन्मण्यापूर्वींच कण एकमेकांस चिकटून वाढूं लागतात. आपली पृथ्वीही अशाच कणांपासून घडली. तिची पहिली वीट सूर्याच्या उदयाआधींच रचली गेली असावी.