स्पिंडलचा ताप आणि त्याचें निदान

औंढा नागनाथाच्या देवळाच्या दगडी भिंतींवर ज्यांनीं कोरीव काम केलें, त्यांचें हत्यार छिन्नी हें होतें. ती बोथट झाली कीं हाताला तत्काळ कळे. आज हिंगोली जिल्ह्यासारख्या भागांतील सुतारशाळांतूनहि सागवानी दारांवरील वेलबुट्टी सी. एन. सी. राउटर कोरूं लागला आहे. नक्षी संगणकांत आंखावयाची, फळी मेजावर आवळावयाची आणि यंत्र चालूं करावयाचें, एवढेंच माणसाकडे उरतें. हात आणि हत्यार यांची अशी ताटातूट झाल्यामुळें हत्याराची तक्रार हाताला कळत नाहीं. ती कळते तेव्हां बहुधा स्पिंडलला ताप भरलेला असतो.

स्पिंडल म्हणजे कोरणारें बिट पकडून फिरविणारी मोटर. शेतांतील पंपाची मोटर मिनिटाला फार तर ३००० फेरे घेते. स्पिंडल २४००० फेरे घेतें. एवढ्या वेगाला सेकंदाला ५० आवर्तनांची नेहमींची वीज पुरी पडत नाहीं, व्ही. एफ. डी. नांवाची पेटी त्यांचीं ४०० आवर्तनें करून देते. घेतलेल्या विजेचा कांहीं भाग उष्णतेंत जाणारच. ती उष्णता बाहेर पडली नाहीं, तर तांब्याच्या तारेवरील रोगण करपूं लागतें. ढोबळ नियम असा, कीं तारेचें तापमान १० अंशांनीं वाढलें, कीं या रोगणाचें आयुष्य निम्म्यावर येतें. लग्नसराई व वास्तुशांतीचे दिवस ऐन वैशाखांतले. पारा ४० अंशांपलीकडे गेलेला, दारांची मागणी भरपूर, यंत्रावर बँकेचा हप्ता चालूं आणि स्पिंडल एकच. तें जळालें, तर धंद्याचा हंगामच बुडतो.

परंतु ताप हा रोग नव्हे, रोगाचें चिन्ह होय. वैद्य ताप पाहतांच औषध देत नाहीं. तो केव्हां येतो आणि कोठें जाणवतो, हें आधीं विचारतो. स्पिंडलविषयींहि हेच दोन प्रश्न विचारावे. लांकडाला न लावतां नुसतें फिरवूनहि तें तापतें, कीं कोरतांनाच तापतें? सर्वांगानें तापतें, कीं बिटाजवळचें टोंकच तापतें? या दोन उत्तरांनीं निम्मा शोध संपतो.

सर्वांगानें व हळूहळू चढणारा ताप बहुधा थंडाव्याच्या उणीवेचा असतो. पाण्यानें थंड होणाऱ्या स्पिंडलचा हिशेब सोपा आहे. २.२ किलोवॅटच्या मोटरींत ३०० वॅट उष्णता होते असें धरलें, तर तासाला १०८० किलोज्यूल उष्णता पाण्यांत जाते. पाण्याची बादली १० लिटरांची असेल, तर पाणी तासाभरांत सुमारें २५ अंशांनीं तापूं शकेल. सकाळीं ३० अंशांवर असलेलें पाणी दुपारपूर्वींच हाताला चटका देतें, आणि कारागीर मोटरीला दोष देतो! तेंच पाणी ५० लिटर असेल, तर वाढ पांच अंशांवर येते. माठांतील पाणी कां थार होतें, हें मराठवाड्याला सांगावयास नको. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें २४०० किलोज्यूल उष्णता जाते. म्हणून परतीचें पाणी कूलरच्या गवती ताटीवरून ठिबकत आणलें आणि तासाला अर्धा लिटर पाणी उडालें, तरी वरील सारी उष्णता निघून जाते. मात्र उडणारें पाणी क्षार मागें ठेवतें. काळ्या पाषाणांतील बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्याचा थर स्पिंडलच्या अरुंद वाटांत बसला, कीं प्रवाह मंदावतो. यासाठीं शुद्ध केलेलेंच पाणी घालावें, तें गाळून घ्यावें आणि परतीची धार रोज डोळ्यांनीं पाहावी.

वाऱ्यानें थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा बहुधा त्याच्याच दांड्यावर बसविलेला असतो. मोटर तापली म्हणून वेग कमी केला, तर पंखाहि मंदावतो आणि ताप उलट वाढतो. अशा वेळीं वाटा भुशानें बुजल्या आहेत काय, हें आधीं पाहावें.

टोंकच तापत असेल, तर बेअरिंगवर संशय घ्यावा. वीज बंद करून दांडा हातानें फिरवावा. खरखर किंवा अडखळ लागली, तर बेअरिंग संपत आलें आहे. त्यांत वरून तेल सोडूं नये. त्यानें आंतील ग्रीस बिघडतें. सकाळीं एकदम पूर्ण वेग न देतां ६०००, १२०००, १८००० अशा पायऱ्यांनीं कांहीं मिनिटें फिरवावें, म्हणजे बेअरिंगचें आयुष्य वाढतें.

कांहीं न कोरतांहि थोड्याच मिनिटांत सारी मोटर तापली, तर दोष व्ही. एफ. डी. च्या मांडणींत शोधावा. २२० व्होल्ट हा दाब ४०० आवर्तनांसाठीं आहे. २०० आवर्तनांना ११० व्होल्टच हवेत. नव्या पेटीची मांडणी पुष्कळदा ५० आवर्तनांच्या साध्या मोटरीसाठीं केलेली असते. ती तशीच राहिली, तर मंद वेगालाच पूर्ण दाब मिळतो आणि स्पिंडल पाहतां पाहतां जळूं शकतें. तिन्ही तारांच्या जोड्यांमधील रोधहि सारखा भरला पाहिजे. पेटीला हात लावण्यापूर्वीं वीज तोडून निदान दहा मिनिटें थांबावें. तिच्या कपॅसिटरांत प्राणघातक दाब शिल्लक असतो.

कोरतांनाच ताप येत असेल, तर बिट पाहावें. १८००० फेरे, दोन धारांचें बिट आणि मिनिटाला ३६०० मिलिमीटर चाल असेल, तर प्रत्येक धार दशांश मिलिमीटर छिलका काढते. हा छिलका बरीच उष्णता घेऊन जातो. चाल फार मंद ठेवली किंवा बिट बोथट झालें, तर धार कापत नाहीं, घांसते. छिलक्याऐवजीं पीठ पडूं लागलें व लांकूड काळवंडलें, कीं हें ओळखावें. तो भुसा पेटहि घेतो, म्हणून मेज स्वच्छ ठेवावें.

सारांश, ज्या तपासणीला पैसा लागत नाहीं ती आधीं करावी: पाणी, वारा, बिट, मग पेटीची मांडणी, मग बेअरिंग, आणि नवी गुंडाळी सर्वांत शेवटीं. यंत्र चांगलें असतांनाच त्याचें रोजचें तापमान भिंतीवरील कागदावर टिपून ठेवावें. निरोग्याची नाडी ज्याला ठाऊक असते, त्यालाच रोग्याची ओळखतां येते.