लघुरेल्वेच्या नियंत्रणपद्धतीची निवड : लेण्याद्री परिसरातील एका मांडणीचा विचार

टेबलावर मांडलेल्या लहान रुळांवरून धावणारी आगगाडी सामान्यतः खेळण्यांत जमा होते. परंतु एकाच मांडणीवर दोन गाड्या, दोन चालकांच्या हाती, स्वतंत्रपणे चालवावयाच्या म्हटल्या की विद्युत्-अभियांत्रिकीतील एक जुनाच प्रश्न उभा राहतो. ज्या रुळांतून शक्ती पोचवावयाची त्यांतूनच आज्ञाही पोचवावयाची असेल, तर ती आज्ञा कोणत्या गाडीला उद्देशून आहे हे कोणी ठरवावयाचे? रुळाने की गाडीने? लघुरेल्वेच्या नियंत्रणपद्धतींचे जे दोन मुख्य वर्ग पडतात ते या प्रश्नाच्या दोन उत्तरांमुळे. त्यांची तुलना करून एका विशिष्ट मांडणीपुरता निर्णय करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ती मांडणी अशी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वे आलेली नाही. पुणे–नाशिक मार्गाची एक आखणी मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी या भागातून जात होती. ती मागे पडण्याचे कारण पुढे ओघाने येईलच. लेण्याद्रीच्या पायथ्याजवळील एखाद्या विद्यालयात या न झालेल्या मार्गाची प्रतिकृती उभारावयाची आहे असे समजू. प्रत्यक्ष आराखडा दुहेरी मार्गाचा होता. शिकविण्याच्या सोयीसाठी आपण तो एकेरी धरू. तीन स्थानके, प्रत्येक ठिकाणी गाड्यांच्या भेटीसाठी एक बगलमार्ग, चार गाड्या आणि चार विद्यार्थी-चालक. ज्या मुलांनी स्थानक पाहिले ते बहुधा पुण्यासच, त्यांना एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या कशा सोडतात हे या मांडणीवरून कळावे, ही अपेक्षा. (बाजारात सहज मिळणाऱ्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ८७ ने गुणल्यास ते १,४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोपीय मापाचे होते. आपल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला सुमारे १९.३ मिलिमीटर हवेत. नियंत्रणाशी याचा संबंध नाही, पण तंतोतंतपणाचा आग्रह असणाऱ्याने ही तडजोड आधीच पत्करलेली बरी.)

पहिली पद्धती एकदिश प्रवाहाची. रुळांच्या जोडीत सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा दाब देतात. दाब वाढविला की गाडीचा वेग वाढतो, ध्रुवता उलटली की दिशा उलटते. इंजिनात मोटरखेरीज काहीही नसते, आणि म्हणूनच त्याला स्वतःची ओळख नसते. एका रुळावर दोन इंजिने असतील तर दोन्ही सारखीच धावतात. त्यांना वेगळे करावयाचे तर रूळ तोडून त्यांचे परस्परांपासून निरोधित असे खंड करावे लागतात. प्रत्येक खंडाला तीन स्थितींचे एक बटण असते : पहिला नियंत्रक, बंद, दुसरा नियंत्रक. चालक आपली गाडी पुढे नेताना पुढील खंड आपल्या नियंत्रकाला जोडून घेतो आणि मागील खंड सोडून देतो.

ही पद्धती कष्टाची आहे याबद्दल दुमत नाही. चालकाचे निम्मे लक्ष गाडीकडे आणि निम्मे बटणांकडे असते. शिवाय लगतचे दोन खंड विरुद्ध ध्रुवतेच्या नियंत्रकांकडे असताना गाडीने त्यांमधील फट ओलांडली तर चाकांमार्फत मंडल लघुपथित होते. परंतु या कष्टांत एक गुण दडलेला आहे आणि तो सहसा कोणी मोजीत नाही. एक खंड एका वेळी एकाच नियंत्रकाच्या ताब्यात राहू शकतो. ज्या चालकाला पुढील खंड मिळालेला नाही त्याची गाडी तेथे जाऊन आपोआप थांबते. खऱ्या रेल्वेत एकेरी मार्गावर जे काम नीलच्या गोळायंत्राने केले तेच येथे बटण करते. गोळायंत्रातून एक गोळा बाहेर पडला की तो दोहोंपैकी एखाद्या स्थानकाच्या यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा गोळा सुटत नाही. चालकाच्या हाती गोळा नसेल तर त्याला मार्ग नाही. एकदिश पद्धतीत ही शिस्त नियमावलीत लिहावी लागत नाही, ती तारांच्या जोडणीतच असते.

दुसऱ्या वर्गात आज्ञा गाडीला उद्देशून दिली जाते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९४६ मध्ये रेडिओ-कंप्रतेच्या साहाय्याने चालणारा संच विक्रीस आणला होता आणि इंग्लंडातील हॉर्नबीने १९७९ मध्ये ‘झिरो वन’ ही अंकीय पद्धती काढली. आज जी सर्वत्र रूढ आहे ती ‘डिजिटल कमांड कंट्रोल’, संक्षेपाने डीसीसी. तिचा उगम जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामात असून १९९० च्या दशकात अमेरिकेतील लघुरेल्वे-संघटनेने तिला प्रमाणरूप दिले. त्यामुळे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या आज्ञाकेंद्रावर चालते.

तिची रचना विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्याजोगी आहे. रुळांवर नेहमीच पूर्ण दाब असतो, मात्र त्याची ध्रुवता सतत उलटसुलट होत राहते. ध्रुवतेची प्रत्येक अर्धी बाजू ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो ‘एक’, १०० मायक्रोसेकंद किंवा अधिक टिकली तर तो ‘शून्य’. अर्थ काळात आहे, ध्रुवतेत नाही. म्हणून इंजिन रुळांवर उलटे ठेवले तरी संदेश बिघडत नाही. किमान संदेशात प्रारंभी चौदा ‘एक’, मग इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा आणि शेवटी तपासणीचा अंकसमूह असतो. क्रमांक व आज्ञा यांवरून इंजिनातील डिकोडर तपासणीचा समूह स्वतः काढून पाहतो; जुळला नाही तर संदेश टाकून देतो.

असा एक संदेश पाठविण्यास किती वेळ लागतो? प्रारंभीच्या चौदा ‘एकां’ना १.६ मिलिसेकंद. पुढील तीन समूहांतील चोवीस अंकांपैकी निम्मे ‘एक’ व निम्मे ‘शून्य’ धरले आणि त्यांत समूहांमधील तीन ‘शून्य’ व अखेरचा ‘एक’ मिळविला तर आणखी ४.५ मिलिसेकंद. म्हणजे एकूण सुमारे ६ मिलिसेकंद, सेकंदाला सुमारे १६० संदेश. चार इंजिनांपैकी प्रत्येकाला सेकंदात चाळीस वेळा आज्ञा मिळू शकते. आपल्या मांडणीपुरता वेगाचा प्रश्न येथेच मिटतो. जाहिरातींतून जलद आज्ञाकेंद्रांचे कितीही गुणगान असले तरी त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

या विचारसरणीचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण लेण्याद्रीपासून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवरच आहे. खोडद येथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. मध्यवर्ती कक्षातून प्रकाशतंतूंमार्फत आज्ञा जाते, आणि ती अंमलात आणण्याचे काम त्या त्या तबकडीच्या पायथ्याशी असलेला संगणक करतो. मध्यवर्ती कक्ष मोटरला थेट प्रवाह देत नाही. अमुक क्रमांकाने अमुक दिशेस वळावे एवढेच सांगतो. डीसीसीचे तत्त्व याहून वेगळे नाही.

मात्र शक्ती आणि आज्ञा यांची फारकत केल्याबरोबर पहिल्या पद्धतीतील तो न मोजलेला गुणही नाहीसा होतो. सर्व रुळांवर सदैव पूर्ण दाब असल्याने कोणतीही गाडी कोठेही जाऊ शकते, समोरून येणाऱ्या गाडीच्या अंगावरसुद्धा. चालकाला अडविणारे काहीच उरत नाही. मित्रमंडळींच्या करमणुकीत हे चालून जाईल. पण एकेरी मार्गाची शिस्त शिकविण्यासाठीच मांडलेल्या रुळांवर ती शिस्त पद्धतीनेच काढून घ्यावी, हे विपरीत होय. खऱ्या रेल्वेनेही हा मार्ग पत्करलेला नाही. भारतीय रेल्वेच्या ‘कवच’ यंत्रणेत इंजिनावर बुद्धिमान उपकरण बसते आणि प्रसंगी ते आपण होऊन ब्रेक लावते, परंतु सिग्नलांची व खंडांची व्यवस्था तिच्या खाली कायमच असते.

यावर उपाय आहे : डीसीसी घेऊनही रुळांचे खंड करणे, आणि प्रत्येक खंडाच्या तारेवर प्रवाह-शोधक बसविणे. उभ्या इंजिनातील डिकोडरही थोडा प्रवाह घेत असतो, म्हणून खंड व्यापलेला आहे हे कळते. डब्यांच्या एका आसावर सुमारे दहा हजार ओहमचा रोध लावला तर पंधरा व्होल्टला दीड मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि सुटून मागे राहिलेला डबाही लपत नाही. शोधकाच्या साक्षीवरून सिग्नल लाल होतो. अर्थात् लाल सिग्नल न जुमानता जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढ्याने थांबविता येत नाही. पण ती चूक मग दिसते, नोंदविता येते आणि तिच्याविषयी बोलता येते.

लघुपथनाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. साध्या नियंत्रकातून एखाद्या अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह मिळत नाही, म्हणून डबा घसरून रूळ जोडले गेले तरी फारसे बिघडत नाही. पाच अँपिअरच्या प्रवर्धकातून पंधरा व्होल्टला ७५ वॅट शक्ती एका चाकाच्या टेकणीवर एकवटू शकते. प्लॅस्टिकची चौकट वितळण्यास ती पुरेशी आहे. आपल्या चार गाड्यांना मिळून तीन अँपिअर पुष्कळ झाले, तेव्हा मोठा प्रवर्धक घेऊच नये. जोडणी पुरी झाल्यावर रुळांवर जागोजागी, विशेषतः सांध्यांच्या पलीकडे, एक नाणे आडवे ठेवून पाहावे. तत्क्षणी प्रवाह तुटला नाही तर तेथवर येणारी तार बारीक आहे असे समजावे. दोष येथे प्रवर्धकाचा नसतो. तारेतील रोधामुळे लघुपथनाचा प्रवाह मर्यादेच्या खाली राहतो आणि संरक्षक यंत्रणेला तो गाडीचाच वाटतो.

खर्चाची तुलना थोडक्यात करता येते. एकदिश पद्धतीचा खर्च खंडांच्या संख्येबरोबर वाढतो, डीसीसीचा इंजिनांच्या संख्येबरोबर. ज्याच्या कपाटात चाळीस जुनी इंजिने आहेत त्याने प्रत्येकात डिकोडर बसविण्याचा विचार दहादा करावा. हेतूही पाहावा लागतो. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथे ठरावीक अवधीचा खेळ प्रेक्षकांपुढे होतो. अशा प्रदर्शनात त्याच हालचाली त्याच क्रमाने पुनःपुन्हा घडाव्या लागतात आणि प्रेक्षकाच्या हाती काही द्यावयाचे नसते. चार चालकांनी एकमेकांशी बोलून गाड्या सोडावयाच्या, ही गरजच निराळी. तेथील योग्य निवड आपल्या विद्यालयाला योग्य ठरेलच असे नाही.

आता मागे सोडलेले कारण. खोडदची दुर्बीण सुमारे १२० ते १,४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपते. रेल्वेमुळे तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल म्हणून नारायणगावावरील आखणीला हरकत निघाली आणि मार्ग शिर्डीच्या बाजूने नेण्याचा विचार पुढे आला. टेबलावरच्या रेल्वेला हा न्याय लावणे हास्यास्पद वाटेल. पण हिशेब करून पाहावा. युरोपीय बनावटीचे काही बिनतारी हस्तनियंत्रक ४३३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेमक्या याच पट्ट्यात, प्रक्षेपण करतात. प्रक्षेपकाची शक्ती १० मिलिवॅट, पट्टारुंदी १०० किलोहर्ट्झ आणि अंतर २३ किलोमीटर धरले, मध्ये डोंगर नाही असे मानले, तर खोडदला पोचणारी अभिवाहघनता सुमारे दीड अब्ज जान्स्की होते. खगोलशास्त्रज्ञांना रस असलेले कित्येक स्रोत जान्स्कीच्या हजाराव्या भागाइतके असतात. प्रत्यक्षात डोंगर आड येतात, तबकड्यांचे तोंडही क्षितिजाकडे नसते, आणि त्यामुळे हा आकडा पुष्कळच खाली येतो. तरीही दोहोंमधील अंतर बारा शून्यांचे आहे हे विसरता येत नाही.

उलट ज्या डीसीसी-संकेताविषयी शंका घेतली जाते तो मात्र फारसा दोषी नाही. त्याची मूळ कंप्रता नऊ किलोहर्ट्झच्याही आत असते आणि उच्च गुणकंप्रता झपाट्याने क्षीण होत जातात. त्यापेक्षा मोटरच्या ब्रशांवर आणि मळलेल्या रुळांवर उडणाऱ्या ठिणग्या विस्तृत पट्ट्यात गोंगाट करतात, आणि तो दोन्ही पद्धतींत सारखाच. मोटरच्या टोकांशी धारित्र व वेटोळी बसविणे आणि रूळ पुसलेले ठेवणे हा त्यावरील उपाय. सह्याद्रीच्या कडेच्या पावसाळी हवेत ते एरवीही करावेच लागते.

एवढा विचार केल्यावर प्रस्तुत मांडणीसाठी डीसीसी घ्यावी, परंतु रूळ एकदिश पद्धतीसाठी तोडावे तसे खंडाखंडांनी तोडावेत, असे मला वाटते. प्रत्येक स्थानकापाशी हस्तनियंत्रकांसाठी तारेची खाचणी बसवावी आणि बिनतारी जोडणीचा मोह टाळावा. तारेमुळे चालक स्थानकापाशीच बांधला जातो ही तक्रार येईल. येथे ती सोयच आहे, कारण पुढील स्थानकाशी बोलल्याशिवाय त्याला गाडी सोडता येणार नाही. दोन स्थानकांमधील प्रत्येक खंडासाठी लाकडाचा एकच गोळा करून ठेवावा, आणि तो हाती नसलेल्या चालकाने नियंत्रकाला हात लावू नये.