शीडनौकेवरील इलेक्ट्रॉनिक मार्गनिर्देशन

शीडनौकेवरील इलेक्ट्रॉनिक मार्गनिर्देशन म्हणजे लांब पल्ल्याच्या सफरीवर निघालेल्या लहान नौकेचे स्थान, दिशा व वेग, पाण्याची खोली आणि आसपासची जहाजे यांची माहिती विद्युत उपकरणांच्या साहाय्याने मिळविणे होय. मोठ्या जहाजावर सुटे भाग, तंत्रज्ञ आणि अखंड वीजपुरवठा उपलब्ध असतो. लहान नौकेवर यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही. त्यामुळे एखादे उपकरण बंद पडल्यावर नौकेजवळ दुसरे कोणते साधन उरते, हा त्याच्या निवडीतील मुख्य प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ‘सुहेली’ या नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. ३१२ दिवसांच्या या सफरीत स्थाननिश्चिती सेक्स्टंट, अचूक घड्याळ आणि कागदी नकाशे यांच्या आधारे होत असे. नौकेवरील रेडिओ सफरीच्या पूर्वार्धातच निकामी झाला, परंतु मार्गनिर्देशन त्यावर अवलंबून नसल्याने प्रवास चालू राहिला.

भारतीय नौदलातील दिलीप दोंदे हे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होत. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. तोपर्यंत उपग्रहाधारित स्थाननिश्चिती सागरी प्रवासात सर्वसामान्य झाली होती.

प्रमुख उपकरणे

जीपीएस ग्राहक हा या संचाचा गाभा असतो. उपग्रहांकडून संदेश येण्यास लागलेल्या वेळावरून तो अंतर काढतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळातील फरक या चार अज्ञात राशी असल्याने किमान चार उपग्रहांचे संदेश आवश्यक असतात. नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धी अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत अचूकता मिळते. भारताची ‘नाविक’ प्रणाली भारत आणि त्याच्या सीमेपासून सुमारे १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशासाठी आहे.

चार्टप्लॉटर हे स्थान इलेक्ट्रॉनिक नकाशावर दाखवितो. खोलीमापक ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून तळापर्यंतचे अंतर मोजतो. स्वयंचलित ओळख प्रणाली (एआयएस) इतर जहाजांचे नाव, दिशा व वेग व्हीएचएफ रेडिओलहरींवरून मिळविते. रडार मात्र समोरच्या जहाजाने संदेश पाठविण्यावर अवलंबून नसते.

निवड आणि वीजपुरवठा

किनाऱ्यालगतच्या दिवसाच्या प्रवासासाठी जीपीएस, खोलीमापक, व्हीएचएफ रेडिओ व होकायंत्र ही मूलभूत साधने होत. रात्रीचा प्रवास किंवा मोठ्या जहाजांचे मार्ग ओलांडणे असल्यास एआयएसची आणि धुके वा मुसळधार पावसाची शक्यता असल्यास रडारची उपयुक्तता वाढते.

उपकरण घेण्यापूर्वी त्याच्या विजेचा हिशेब केला जातो. उदाहरणार्थ, १.५ अँपिअर प्रवाह घेणारे उपकरण २४ तासांत ३६ अँपिअर-तास वापरते. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी तिच्या आयुष्याच्या दृष्टीने साधारण निम्मीच वापरावी, असा संकेत आहे. म्हणजे असे एकच उपकरण ती सुमारे ३३ तास चालवू शकते. दिवे, रेडिओ व स्वयंचलित सुकाणू यांचा वापर धरल्यास हा अवधी आणखी घटतो.

पर्यायी उपकरणाचा वीजस्रोतही वेगळा असावा लागतो. एकाच बॅटरीवर चालणारे दोन प्लॉटर बॅटरी संपताच एकदमच बंद पडतात. याउलट, सुट्या सेलवर चालणारा हातातील जीपीएस ग्राहक अशा वेळी चालू राहतो. विजेच्या कडकडाटात तो बंद धातूच्या डब्यात ठेवण्याची पद्धत आहे.

मर्यादा

नौकेचे स्थान अचूक असले, तरी नकाशा तितकाच अचूक असेल असे नाही. जुन्या सर्वेक्षणांवरील नकाशांत खडकांची स्थाने सरकलेली असू शकतात. कोकणातील खाड्यांच्या मुखांवरील वाळूचे पट्टेही पावसाळ्यात जागा बदलतात.

२९ नोव्हेंबर २०१४ रोजी जागतिक शर्यतीतील ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येकडील कारगादोस काराजोस प्रवाळखडकांवर आदळली. सर्व खलाशी बचावले. नौकेवर अद्ययावत उपकरणे होती, परंतु इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान प्रमाणात पाहिल्यास त्यावर या खडकांचा धोका पुरेसा स्पष्ट दिसत नव्हता. त्यामुळे नियोजित मार्गाची प्रत्येक पट्टी नकाशा मोठा करून तपासणे आवश्यक मानले जाते.

एआयएसवर केवळ ते यंत्र बसविलेली आणि चालू ठेवलेली जहाजे दिसतात. लहान लाकडी मासेमारी होड्या व पाण्यातील जाळी त्यावर सहसा दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांनी टेहळणी चालू ठेवावीच लागते. उपग्रहसंदेशांत हेतुपुरस्सर अडथळा आणणे किंवा खोटे संदेश पाठविणे हेही आता ज्ञात धोके आहेत. ठरावीक वेळाने स्थान नोंदवहीत लिहिणे आणि भरती-ओहोटी लक्षात घेऊन मोजलेली खोली नकाशावरील खोलीशी ताडून पाहणे, हे त्यावरील साधे उपाय होत.

संकटसमयी

ईपीआयआरबी हा आपत्कालीन दीप ४०६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर उपग्रहांकडे संदेश पाठवितो. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत स्पर्धकांना मार्गनिर्देशनासाठी जीपीएस वापरण्यास मनाई होती, मात्र आपत्कालीन साधने व स्थान कळविणारे यंत्र नौकेवर होते. २१ सप्टेंबरच्या वादळात भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या ‘तुरीय’ नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. या साधनांमुळे त्यांचे ठिकाण समजले आणि २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली.

उपग्रह दूरध्वनीही संकटात उपयोगी पडतो. परंतु भारतात तो परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर असून, इरिडियम व थुराया संचांच्या बाबतीत परदेशी प्रवाशांवरही कारवाई झालेली आहे.