वाघाचा हट्ट सोडा, जंगल परवडते!

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो आणि घरातले शेंडेफळ जेवणाच्या ताटावर घोषणा करते, ‘‘यंदा वाघ बघायला जायचं!’’ आजी म्हणते, ‘‘त्यापेक्षा कोकणात जा, आंबे तरी मिळतील.’’ आई रेल्वेच्या आरक्षणाची काळजी करू लागते आणि बाबा मनातल्या मनात आकडेमोड करतात. बहुतेक घरांत या आकडेमोडीपाशीच जंगलाचा बेत बारगळतो. जंगल म्हणजे महागडी हौस, ती आपल्यासारख्यांसाठी नाही, अशी आपली पक्की समजूत झालेली असते.

ही समजूत पूर्णपणे खोटी नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही ती स्वतःच्या खर्चाने खरी करून दाखवली होती! आम्ही चौघे, ऐन हंगामातला शनिवार-रविवार आणि पोहण्याचा तलाव असलेल्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री. एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा खोलीनेच खाल्ला. मग सफारी परवडली ती एकच. जिप्सीत आम्ही चौघे आणि दोन जागा रिकाम्या. निघतानाच मी ड्रायव्हरला म्हटले, ‘‘वाघ दाखवा, तुम्हाला खूश करतो.’’ झाले! पुढचे तीन-साडेतीन तास तो बिचारा या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर गाडी पळवत राहिला. वाघ दिसला नाही. दिसली ती फक्त धूळ आणि पुढच्या जिप्सीची पाठ. परतताना धाकटीने विचारले, ‘‘बाबा, आपले पैसे परत मिळतील का?’’

सगळे हसले, मीही हसलो. पण तो प्रश्न मनातून जाईना. हिशेब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आले, चूक जंगलाची नव्हती, आमच्या हिशेबाची होती. पैसे खोलीला दिले होते आणि जंगलाला दिली होती एक सकाळ.

गाडी एक, खर्च सहांत

जंगल सफारीचे गणित एका गोष्टीवर उभे असते. जिप्सीचे भाडे आणि गाईडचे मानधन गाडीमागे असते, माणसामागे नाही. आपल्या ताडोब्यात एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. दोघे गेले तरी गाडीचा खर्च तोच आणि सहा गेले तरी तोच. म्हणून बेत आखताना पहिला फोन हॉटेलला नव्हे, मेहुण्याला किंवा शेजाऱ्यांना करावा. सहा डोकी जमली की अर्धी लढाई जिंकली. राजस्थानात रणथंभोरला तर वीस जणांची उघडी बस मिळते, तिला तिथे ‘कँटर’ म्हणतात. जिप्सीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

दुसरी बचत वाराची. ताडोब्यात शनिवार-रविवारचे दर चढे असतात आणि गर्दीही तेव्हाच उसळते. मंगळवारी जंगलाला सुटी असते. म्हणजे बुधवार-गुरुवार हे शहाण्या माणसाचे वार. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपण स्वतः करावे. त्या वेळी दिलेलेच ओळखपत्र प्रवेशद्वारावर दाखवावे लागते, ते घरी विसरून चालत नाही.

तिसरी बचत मुक्कामाची. सफारी पहाटे निघते, दुपारी पुन्हा निघते. मधल्या वेळात अंघोळ, जेवण आणि एक डुलकी. त्यासाठी संगमरवरी फरशी कशाला हवी? चंद्रपूरपासून तिसेक किलोमीटरवरच्या मोहर्लीत पर्यटन महामंडळाची आणि वनविकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. आसपासच्या गावांत घरगुती राहण्याची सोयही होते. तिथे ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि रात्री अंगणात बसून ऐकायला वाघाच्या गोष्टी मिळतात. त्या गोष्टींचे बिल लागत नाही. खोलीवर वाचवलेल्या पैशांतून आणखी एक-दोन सफारी घ्याव्यात. एका सफारीत जंगल फक्त तोंडओळख देते, बोलू लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला.

कोणते जंगल, कोणता महिना

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९५५ची. गाभ्याचे जंगल १ ऑक्टोबर ते ३० जून खुले असते. एप्रिल-मेमध्ये गवत वाळते, नाले आटतात आणि सगळी जनावरे पाणवठ्यावर येतात. म्हणून त्या दिवसांत प्राणी दिसण्याची शक्यता सर्वाधिक. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे चेष्टा नव्हे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीचे दिवस बरे. तेव्हा पहाटेच्या उघड्या जिप्सीत मात्र कानटोपी आणि शाल हवीच.

गाभ्याच्या भोवती जे जंगल असते, त्याला बफर म्हणतात. पुष्कळ लोक बफरचे नाव ऐकून नाक मुरडतात. पण वाघाला कुठे ठाऊक असते, गाभा कुठे संपला आणि बफर कुठे सुरू झाले ते! आगरझरी, देवाडा, जुनोना या बफरच्या प्रवेशद्वारांतून गेलेल्यांनाही वाघ, बिबट्या, अस्वल दिसतातच. ताडोब्याचे आरक्षण मिळाले नाही तर नागझिरा आहे, पेंच आहे, मेळघाट आहे. नागझिरा तर व्यंकटेश माडगूळकरांमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा. तिथे जाण्याआधी त्यांचे त्याच नावाचे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे. तयारीचा हा भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी.

थोडे दूर जायची तयारी असेल तर मध्य प्रदेशातले कान्हा गाठावे. तिथला बाराशिंगा १९७० साली जेमतेम ६६ उरला होता. आज सालवृक्षांच्या कडेच्या कुरणांत त्याचे कळप चरताना दिसतात. ही गोष्ट मुलांना तिथेच, त्या कुरणासमोर सांगावी.

हमखास दिसणारे प्राणी

वाघ दिसणे नशिबाचे. पण आशिया खंडात अशीही जंगले आहेत, जिथे भलीमोठी जनावरे जवळजवळ हमखास दिसतात. आसामातले काझीरंगा हे त्यांतले पहिले. २०२२च्या गणनेत तिथे २,६१३ एकशिंगी गेंडे मोजले गेले. ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे पावसाळ्यात उद्यान बंद असते, त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

दुसरे नेपाळमधले चितवन. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे बसने सौराहा हे गाव. नदीत लाकडी होडीतून फिरताना काठावर पहुडलेल्या मगरी दिसतात, गाईडसोबत जंगलात पायी चालताही येते. २०२१च्या गणनेत एकट्या चितवनमध्ये ६९४ गेंडे होते. जानेवारीत तिथले उंच गवत कापले जाते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये प्राणी चांगले दिसतात.

तिसरे श्रीलंकेतले मिन्नेरिया. महासेन राजाने सुमारे सतराशे वर्षांपूर्वी बांधलेल्या तलावाचे पाणी जुलै ते सप्टेंबरमध्ये ओसरते, काठावर कोवळे गवत उगवते आणि ते खायला हत्तींचे कळपच्या कळप जमतात. विमानाचे भाडे जमत असेल तर हा बेत पाहण्याजोगा. सफारी दुपारची तीन-चार तासांचीच असते, त्यामुळे बाकीच्या सहलीत ती सहज बसते.

काटकसर कुठे करू नये

इतके वाचवल्यावर एक ठिकाण सांगितले पाहिजे, जिथे हात आखडू नये. ते म्हणजे गाईड. तो किंवा ती बहुधा जंगलालगतच्या गावची. ताडोब्यात आता महिला गाईडही आहेत. ज्या गावाची गाय वाघ उचलतो, ज्या गावच्या माणसाला मोहफुले वेचायला जाताना जीव मुठीत धरावा लागतो, त्या गावाला वाघ हवासा वाटायचा तर वाघापासून त्याच्या घरात चार पैसे गेले पाहिजेत. नेपाळने हे ओळखून १९९६ पासून उद्यानांच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी ठेवला आहे. आपण गावात राहतो, गावात जेवतो, तेव्हा तेच काम छोट्या प्रमाणात करत असतो.

मात्र पैसे वाघ दाखवण्याच्या बोलीवर देऊ नयेत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवली. त्या चित्रफिती सर्वांनी पाहिल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, संबंधितांवर कारवाई झाली. ते वाचताना मला माझेच शब्द आठवले, ‘‘वाघ दाखवा, तुम्हाला खूश करतो.’’ गाडी ड्रायव्हर पळवतो खरा, पण त्याला टाच मारणारे मागच्या सीटवर बसलेले असतात. देशात २००६ साली १,४११ वाघांचा अंदाज होता, तो २०२२मध्ये ३,६८२ वर गेला. एवढ्या कष्टाने वाढवलेल्या वाघाला आपण चालायला वाटही ठेवणार नाही का?

आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते सहा जण, बुधवारी, बफरच्या दाराने. मुक्काम गावातल्या एका घरी. निघताना गाईडताईंना एवढेच सांगितले, ‘‘तुम्हाला जे आवडतं ते दाखवा.’’ त्यांनी एका नाल्यापाशी इंजिन बंद करायला लावले. दहा मिनिटे कुणी बोलले नाही. मोबाईल नेता येत नाहीत, त्यामुळे बोटांनाही काम नव्हते. मग पलीकडे चितळ ओरडले, वानर खेकसले आणि झुडपांतून एकामागून एक सात रानकुत्री बाहेर आली. पाणी प्यायली, आमच्याकडे पाहिले न पाहिले आणि साग-बांबूत नाहीशी झाली. धाकटीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखांचे वळ उठले.

वाघ त्याही खेपेला दिसला नाही. पण परतीच्या गाडीत पैसे परत मिळतील का, असे कुणी विचारले नाही. प्रश्न एवढाच होता, ‘‘पुढच्या वेळी तीन सफाऱ्या करायच्या का?’’