पीएच.डी.नंतरची दुसरी वाट (लेखांक ६) : कंपनीला आपल्याकडून नेमकं काय हवं असतं?

गेल्या आठवड्यात आपण तासिका तत्त्वावरच्या नोकरीचा हिशेब मांडला. त्यावर आलेल्या पत्रांतला सूर जवळपास एकच आहे. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र या विषयांत नेट-सेट झालेली, काही तर पीएच.डी. झालेली ही मंडळी विचारतात : कंपनीनं आम्हाला घ्यावं तरी का? कोडिंग येत नाही. हाताशी आहे तो एक प्रबंध, चार शोधनिबंध आणि वर्गात शिकवण्याची सवय. त्याचं तिथं काय करणार?

त्यातल्या अनेकांनी प्रबंध कोणत्या परिस्थितीत लिहिला, हे आधी सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनं ठरवलं की विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं, तर जुलै २०२१ पासून पीएच.डी. हवीच. पुढं ती मुदत जुलै २०२३ पर्यंत लांबली, आणि त्याच महिन्यात अटच निघून गेली. नेट-सेट पुरेशी झाली. मधल्या पाच वर्षांत केवळ या अटीपायी ज्यांनी संशोधनाला हात घातला, त्यांच्या हाती पदवी आली आणि पद मात्र आलं नाही. म्हणून ‘आम्ही वर्षं वाया घालवली का’ हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर दिलासा म्हणून देऊन चालणार नाही. ते पुराव्यानंच द्यायला हवं.

तयार उत्तर सगळीकडे मिळतं : तुमच्याकडे संवादकौशल्य आहे, चिकित्सक विचार आहे. करिअर मार्गदर्शनाच्या प्रत्येक व्याख्यानात हे दोन शब्द असतात. पण मुलाखत घेणारा ते दिवसभर ऐकत असतो. तुमच्या आधी आत गेलेला एमबीएचा विद्यार्थीही तेच सांगून बाहेर पडलेला असतो. कंपनीच्या उपयोगाची असते ती तुमची पद्धत. ज्या शिस्तीनं तुम्ही गावात जाऊन मुलाखती घेतल्या, दफ्तरातले कागद लावले, दोन पोथ्या शेजारी ठेवून वाचल्या, ती शिस्त. ती दिसते कशी, याची दोन-तीन उदाहरणं आज पाहू.

पहिलं उदाहरण जेनेव्हीव्ह बेल यांचं. त्या ऑस्ट्रेलियाच्या. आई मानववंशशास्त्रज्ञ असल्यामुळं त्यांचं बालपण मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत गेलं. १९९८ मध्ये स्टॅनफर्डमधून त्यांनी सांस्कृतिक मानववंशशास्त्रात पीएच.डी. घेतली. तिथं त्या शिकवतही होत्या आणि पुढची वाट प्राध्यापकीचीच दिसत होती. पालो अल्टोतल्या एका बारमध्ये एका अनोळखी माणसाशी गप्पा झाल्या आणि त्या ओळखीतून इंटेलचा दरवाजा उघडला, असं त्यांनी स्वतःच अनेक भाषणांत सांगितलं आहे. त्याच वर्षी त्या ओरेगॉनमध्ये इंटेलच्या संशोधन विभागात रुजू झाल्या. वरिष्ठांनी त्यांच्यासमोर दोन विषय ठेवले. पहिला, स्त्रिया. दुसरा, अमेरिका सोडून उरलेलं सगळं जग. चिप बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीला आपला माल वापरणारी बहुतेक माणसं कशी जगतात, याचा पत्ता नव्हता. आणि तो नाही, एवढं मात्र तिला कळलं होतं.

बेल यांनी जे केलं, ते मानववंशशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखीचं वाटेल. त्या लोकांच्या घरी गेल्या. आशिया-पॅसिफिकमधल्या ७ देशांतल्या १९ शहरांत १०० घरं. त्यात भारतही होता. प्रश्नावली वाटून परत येण्याऐवजी घरात बसायचं, स्वयंपाकघर पाहायचं, टीव्ही कुठं ठेवलाय, फोन कोणाच्या हातात असतो, मुलं अभ्यासाला कुठं बसतात हे टिपून ठेवायचं. चीनमधल्या कामातून निघालेली एक वस्तू मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आईवडिलांना मुलाच्या शिक्षणासाठी संगणक हवासा वाटत होता, पण त्याच संगणकावर मूल खेळात रमेल आणि अभ्यास बुडेल ही धास्तीही होती. इंटेलनं चिनी घरांसाठी जो अभ्यासाचा संगणक तयार केला, त्याला खरंखुरं, किल्लीनं फिरणारं कुलूप होतं.

संगणकाला पासवर्ड घालता येतो, हे त्या अभियंत्यांना काय ठाऊक नव्हतं? तरी कुलूप का? माझ्या समजुतीप्रमाणं, पासवर्ड पडद्यामागं राहतो, आणि तो बहुधा मुलालाच आधी कळतो. कुलूप घरातल्या सगळ्यांना दिसतं. आज अभ्यास आहे, हे ते न बोलता सांगतं, आणि किल्ली आईच्या हाती आहे हेही. ‘तुम्ही संगणक का घेत नाही’ असं कागदावर छापून विचारलं असतं, तर लोकांनी ‘महाग आहे’ यावर खूण केली असती आणि अहवाल तिथंच संपला असता. माणूस जे सांगतो आणि जे करतो यांत अंतर असतं, हे गृहीत धरून काम करायची सवय क्षेत्रकार्यातून लागते. कंपन्यांत आज या कामाला युएक्स रिसर्च म्हणतात. समाजशास्त्राच्या ज्या विद्यार्थिनीनं बचत गटांवर प्रबंध लिहिताना महिनोन् महिने ओसऱ्यांवर बसून बायकांशी बोलणं केलंय, तिनं हे काम वेगळ्या नावानं आधीच केलेलं असतं.

बेल पुढं इंटेलमध्ये उपाध्यक्षपदापर्यंत गेल्या आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत परतल्या. जानेवारी २०२४ मध्ये तिथं कुलगुरूही झाल्या. एकदा बाहेर पडलं की विद्यापीठाचं दार कायमचं बंद, ही भीती ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे सांगतोय. आपल्याकडे ते दार इतक्या सहज उघडत नाही, हेही तितकंच खरं.

त्यांच्याही आधी, १९८० च्या सुमारास, लूसी सचमन ही मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात पोचली होती. कंपनीचं एक नवं कॉपियर वापरायला अवघड आहे अशा तक्रारी येत होत्या. सचमन यांनी माणसांना जोडीनं त्या यंत्रापुढं उभं केलं, पाठपोट प्रती काढायला सांगितल्या आणि कॅमेरा लावला. त्यातल्या एका चित्रफितीत दोन नामवंत संगणकतज्ज्ञच गोंधळून गेलेले दिसतात. ती चित्रफीत पाहिल्यावर दोष वापरणाऱ्याच्या अडाणीपणावर ढकलायची सोयच उरली नाही. या कामातून १९८७ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक माणूस आणि यंत्र यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्यांना आजही वाचावं लागतं.

आता ज्यांचं क्षेत्रकार्य नाही, ज्यांचा सगळा जन्म ग्रंथांत गेला, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी उदाहरण पुण्यातच आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वि. सी. सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. त्यांनी घालून दिलेली कामाची रीत डेटावर काम करणाऱ्या कुणीही पाहावी अशी आहे. प्रत्येक श्लोकासाठी आडव्या-उभ्या रेघांनी चौकटी आखलेला एक तक्ता. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ, आणि ते जिथं वेगळं असेल तिथल्याच चौकटीत वेगळं अक्षर. कुठलाही भाग किमान दहा हस्तलिखितांशी ताडून पाहायचा, आदिपर्वाच्या सुरुवातीच्या भागासाठी तर साठ. मग ठरवायचं : कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, कुणी कुणावरून उतरवून घेतलं, चूक कुठं शिरली, आणि कोणता पाठ जुना. ठरल्यावरही बाकीचे पाठ फेकायचे नाहीत. ते तळटीपेत नोंदवायचे, म्हणजे उद्या कुणाला निर्णय पटला नाही तर पुरावा समोर असेल.

आता याच शहरातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत जाऊ. समजा, दुकानदारांना ऑनलाइन पैसे स्वीकारता यावेत अशी सेवा ती पुरवते. प्रश्न साधा आहे : ग्राहकाला परतावा किती दिवसांत मिळतो? कोड लिहिणाऱ्यानं टिपण ठेवलंय की परतावा ताबडतोब सुटतो. ग्राहकसेवेची मुलगी फोनवर पाच ते सात दिवस सांगते. करारात ‘कामकाजाचे दिवस’ असा उल्लेख आहे. जुन्या माहितीपुस्तिकेत चौथंच काहीतरी. टेक्निकल रायटरचं काम इथं सुरू होतं. तो चारही जणांकडे जातो, कोणता मजकूर आधीचा, कुणी कुणाचा उचलला, मधे काय बदललं ते शोधतो. मग उलगडतं की कंपनीकडून पैसे खरंच लगेच सुटतात, खात्यात जमा व्हायला बँकेला वेळ लागतो, आणि सुट्ट्या कुणी मोजल्या-कुणी नाही म्हणून आकडे वेगळे. त्यावरून तो दुकानदाराला कळेल असा चार ओळींचा मजकूर लिहितो, आणि त्या चार ओळी पुढं हजारो फोन वाचवतात. संस्कृत किंवा इतिहास शिकलेल्या माणसाला हे काम परकं वाटायचं कारणच नाही.

राहिली हत्यारं. गिट, मार्कडाउन, एपीआय म्हणजे काय याची तोंडओळख, फिग्मात मजकूर कसा तपासतात ते. मोडी वाचायला ज्यानं चिकाटी दाखवली त्याला हे जड जाणार नाही. यासाठी लाखभर रुपये मागणाऱ्या वर्गांना मात्र दूर ठेवा. यातलं जवळपास सगळं फुकट शिकता येतं.

एक इशारा मला कळकळीनं द्यायचाय. सध्या भाषेच्या पदवीधरांना सर्वांत सहज मिळणारं काम म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मराठी मजकूर तपासणं, वाक्यांना खुणा करणं, उत्तरांना गुण देणं. काम महत्त्वाचं आहे. मराठीसाठी ते जाणत्या माणसांनीच करायला हवं, नाहीतर यंत्रं हिंदीच्या वळणाचं मराठी शिकतील. पण त्यातलं बरंचसं काम कंत्राटी आहे, तासावर किंवा नगावर पैसे देणारं. सुट्टी नाही, विमा नाही, काम कधी थांबेल याची खात्री नाही. विद्यापीठातली तासिका सोडून उद्योगातली तासिका पत्करली तर बदललं काय? हे काम घ्यायचंच असेल तर अनुभवासाठी घ्या, मुदत ठरवून घ्या, आणि खुणा करणाऱ्याच्या जागेवरून नियम लिहिणाऱ्याच्या जागेवर जायचा प्रयत्न पहिल्या दिवसापासून करा. कोणत्या वाक्याला काय म्हणायचं, दोघांचं मत जुळलं नाही तर निवाडा कसा करायचा, हे ठरवणारी नियमपुस्तिका लिहिणं हे खरं विद्वत्तेचं काम आहे, आणि तिथंच बरा पगार आहे.

बाहेर पडणाऱ्यांना कुणी पळपुटं म्हणू नये, असंही मला वाटतं. शासनानं जागा भरल्या नाहीत, महाविद्यालयांनी तासांवर राबवलं, आणि तरीही ज्यांनी अभ्यास नेटानं पुरा केला ती ही माणसं आहेत. त्यांच्या जाण्यानं नुकसान होतं ते विद्यापीठांचं आणि पुढं तिथं शिकायला येणाऱ्या मुलांचं. याची जबाबदारी भरती रोखून धरणाऱ्यांवर आहे.

मुलाखतीतल्या पगाराच्या बोलणीवर पुढच्या आठवड्यात लिहीन. तोवर एक काम करा. प्रबंधाचं लांबलचक शीर्षक बाजूला ठेवा आणि दोन पानं लिहा : प्रश्न काय होता, माहिती कुठून आणि कशी गोळा केली, कुठं अडलात, परस्परविरोधी पुरावा समोर आला तेव्हा निर्णय कसा केलात. ‘अधोरेखित’, ‘परिप्रेक्ष्य’, ‘विमर्श’ असले शब्द काढून टाका. ती पानं तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या अभियंत्याला वाचायला द्या, आणि त्याला जिथं कळलं नाही तेवढा भाग पुन्हा लिहा.