ग्रीनकार्डची लॉटरी : माझगावकरांना अर्ज करता येतो का?

बहुतेकांना नाही. अमेरिकेच्या १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने ही ‘डायव्हर्सिटी व्हिसा’ योजना आणली. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५० हजारांहून जास्त लोक नोकरीच्या वा नात्याच्या आधारे तिथे कायमचे स्थायिक झाले, तो देश यादीतून बाद होतो. भारत असाच बाद होत आला आहे.

पण इथे पाहतात ते जन्मस्थान, पासपोर्टवरचे नागरिकत्व नव्हे. माझगाव ज्यात येते त्या मुंबई महापालिकेच्या ‘ई’ विभागाचा जन्मदाखला असेल, तर दार बंद. वडील नोकरीला असताना कुवेतमध्ये जन्मलेली मुलगी मात्र भारतीय पासपोर्टवरही कुवेतच्या कोट्यातून अर्ज करू शकते. माझगावात जन्मलेल्या तिच्या नवऱ्यालाही तिच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो. अट एवढीच की दोघांची नावे अर्जात हवीत आणि दोघांनी अमेरिकेत एकत्र प्रवेश करायला हवा. आखातात नोकरी केलेली कुटुंबे या भागात आहेत, म्हणून हा नियम मुद्दाम सांगावासा वाटतो. शिक्षण किमान बारावीपर्यंतचे, किंवा पात्र ठरणाऱ्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. नाव निघाले तरी व्हिसाची हमी नाही. मुलाखत बाकीच असते.

‘तुमची लॉटरी लागली, पैसे भरा’ असा ईमेल आला तर एक रुपयाही पाठवू नका. निकाल अर्जदाराने स्वतःच अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर, अर्जाचा पुष्टी क्रमांक टाकून पाहायचा असतो. योजना सध्या सुरू आहे की स्थगित, तेही तिथेच आधी तपासा.