पूर्व आशियाई साहित्य-चित्रपट संशोधन

चीन, जपान, कोरिया, तैवान व हाँगकाँग या प्रदेशांतील आधुनिक साहित्य आणि चित्रपट यांचा एकत्रित अभ्यास करणारे पदव्युत्तर संशोधनाचे क्षेत्र. स्थूलमानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे वाङ्मय आणि तेथील चित्रपटाचा आरंभापासूनचा इतिहास त्याच्या कक्षेत येतो. हे दोन विषय एकत्र येण्यास ऐतिहासिक कारणे आहेत. या प्रदेशांत आधुनिक गद्य व चित्रपट यांची वाढ जवळजवळ एकाच काळात झाली. अनेक कथाकारांचा चित्रपटव्यवसायाशी निकटचा संबंध होता. शिवाय युद्धे, नैसर्गिक आपत्ती व परकीय सत्ता यांमुळे मूळ साधनांचा फार मोठा भाग नष्ट झाला किंवा विखुरला. त्यामुळे एका माध्यमातील हरवलेल्या कृतीचा माग बहुधा दुसऱ्या माध्यमात काढावा लागतो.

यूरोपातील जुन्या चीनविद्येचा भर प्रामुख्याने अभिजात ग्रंथांवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर आधुनिक वाङ्मयाकडे अधिक लक्ष गेले. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमान्वये आशियाई भाषांच्या अध्ययनास शासकीय साहाय्य मिळू लागले. जोसेफ अँडरसन व डॉनल्ड रिची यांचा जपानी चित्रपटाचा इतिहास १९५९ मध्ये आणि सी. टी. श्या यांचा आधुनिक चिनी कथावाङ्मयाचा इतिहास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. श्या यांच्या ग्रंथावर चेक अभ्यासक यारोस्लाव्ह प्रूशेक यांनी कठोर टीका केली व श्या यांनी तिला उत्तर दिले (१९६२-६३). साहित्याचे मूल्य त्याच्या सामाजिक कार्यावरून ठरवावे की कलागुणांवरून, हा त्या वादाचा गाभा होता. पुढील संशोधनात तो वेगवेगळ्या रूपांनी पुन्हा उपस्थित झाला.

साहित्य व दृश्यमाध्यम यांच्या संबंधाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण चिनी लेखक लू शुन (१८८१–१९३६) यांचे आहे. जपानमधील सेंदाई येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांनी वर्गात रशिया-जपान युद्धाची काचचित्रे पाहिली. हेरगिरीच्या आरोपावरून एका चिनी माणसाचा शिरच्छेद होत आहे आणि त्याचेच देशबांधव तो निर्विकारपणे पाहत आहेत, या दृश्यामुळे आपण वैद्यक सोडून साहित्याकडे वळलो, असे त्यांनी आपल्या पहिल्या कथासंग्रहाच्या (१९२३) प्रस्तावनेत नमूद केले आहे. पुढे सेंदाई येथे अशा काचचित्रांचा एक संच सापडला. परंतु त्यात हे दृश्य आढळले नाही. रे चाऊ यांनी १९९५ मध्ये या प्रसंगाचा नवा अर्थ लावला. त्यांच्या मते आधुनिक चिनी साहित्याची ही उगमकथा मुळात पडद्यावरील प्रतिमेच्या आघाताची कथा आहे. या विवेचनाचा प्रभाव साहित्य व चित्रपट या दोन्ही विषयांच्या संशोधनावर पडला.

जपानमध्ये १९२३ चा कांतो भूकंप आणि महायुद्धातील हवाई हल्ले यांत असंख्य मूकपट नाहीसे झाले. किनुगासा तेइनोसुके यांचा ‘कुरुत्ता इप्पेजी’ (१९२६) हा चित्रपटही नष्ट झाला असे मानले जात होते. कावाबाता यासुनारी यांच्या नावे त्याची पटकथा उपलब्ध असल्यामुळे त्याची आठवण साहित्याच्या इतिहासात टिकून राहिली. १९७१ मध्ये किनुगासा यांना स्वतःच्याच संग्रहात त्याची प्रत मिळाली. एरन जेरो यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की ही प्रत मूळ प्रदर्शित चित्रपटापेक्षा आखूड आहे आणि पटकथेचे कर्तृत्वही एकट्या कावाबातांचे नाही. या चित्रपटात मजकूरपट्ट्या नाहीत. तथापि प्रदर्शनाच्या वेळी पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा निवेदक (बेन्शी) असे. सापडलेल्या मूक प्रतीवरून त्या काळच्या प्रेक्षकाचा अनुभव ठरविता येत नाही.

कोरियातील परिस्थिती अधिक बिकट आहे. ना उन-ग्यू यांचा ‘अरिरांग’ (१९२६) हा तेथील सर्वांत ख्यातनाम मूकपट उपलब्ध नाही. समकालीन वृत्तपत्रे, आठवणी व लिखित कथारूपे यांवरूनच त्याचे स्वरूप जाणावे लागते. जपानी अंमलाच्या काळातील (१९१०–४५) काही चित्रपट २००० नंतर बीजिंग येथील चित्रपट-अभिलेखागारात मिळाले. ‘मिमोंग’ (१९३६) हा त्यांपैकी एक होय. ‘छंगछुन-उइ शिब्जारो’ (१९३४) हा उपलब्ध असलेला सर्वांत जुना कोरियन मूकपट २००७ मध्ये हाती आला. या प्रत्येक शोधानंतर आधीच्या इतिहासलेखनातील काही विधाने बदलावी लागली.

साम्राज्यसत्तेमुळे भाषेचाही प्रश्न उभा राहिला. तैवानी लेखक यांग क्वेइ यांची ‘वृत्तपत्र विकणारा मुलगा’ ही कथा १९३४ मध्ये टोकिओत जपानीतच पारितोषिकप्राप्त ठरली. कोरियन लेखक किम सा-र्‍यांग यांची जपानी कथा अकुतागावा पारितोषिकाच्या अंतिम विचारात आली. अशा कृती कोणत्या राष्ट्राच्या वाङ्मयेतिहासात घालाव्यात, याचे उत्तर केवळ भाषेवरून किंवा केवळ लेखकाच्या जन्मभूमीवरून देता येत नाही. चीनच्या मुख्य भूमीबाहेरील चिनी भाषिक साहित्य-चित्रपटांविषयी शु-मे शी यांनी २००७ मध्ये मांडलेली संकल्पना याच प्रश्नाशी निगडित आहे.

यामुळे संशोधकास किमान दोन पूर्व आशियाई भाषांचे ज्ञान आवश्यक ठरते. १९४६ पूर्वीची जपानी लेखनपद्धती, चीनमधील १९५६ च्या सुधारणेपूर्वीची अक्षरे आणि चिनी अक्षरमिश्रित कोरियन मजकूर वाचता आला पाहिजे. पटकथा, परीक्षण, जाहिरात, अभ्यवेक्षणाची नोंद व उपलब्ध प्रत यांची परस्परांशी तुलना, ही त्याची मुख्य पद्धती होय. भारतात शांतिनिकेतन येथील चीना भवन (स्था. १९३७) तसेच दिल्ली विद्यापीठ व जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथे पूर्व आशियाई भाषांच्या अध्ययनाची सोय आहे. एखादी प्रत कोठे व कोणाच्या ताब्यात राहिली, यावर बऱ्याच अंशी त्या देशाच्या कलेतिहासाचे स्वरूप अवलंबून असते. म्हणून अभिलेखागारांतील परस्परसहकार्य हा या संशोधनाचा पाया मानला जातो.